कुलुपातला कट्टा

"मॅडम, तुमच्या कपाटात असताना एखादा कट्टा कधी बाहेर गेला होता का?" नजमानं विचारलं.

मला हसू आलं. मे महिन्याची दुपार होती, बाहेर त्रेचाळीस अंश, आणि आम्ही दोघी आतल्या खोलीत कूलरच्या तोंडाशी बसलो होतो. आमच्या कपाटाला दोन कुलुपं. एक किल्ली साहेबांकडे, एक माझ्याकडे. शस्त्र आत गेलं की नोंद, बाहेर काढलं की नोंद, परत ठेवलं की पुन्हा नोंद. मी तिला तसं सांगितलं.

"मग हे बघा," ती म्हणाली आणि तिनं संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

मी तेव्हा खानदेशातल्या एका सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत शस्त्र विभागात होते. पोलिसांनी धरलेले गावठी कट्टे आणि खुनाच्या जागी सापडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या आमच्याकडे यायच्या. ही पुंगळी ह्याच कट्ट्यातून सुटली का, एवढं सांगणं हे माझं काम. घोडा पडला की त्याची पिन काडतुसाच्या बुडावर आपटते आणि तिथे खूण उठते. जागेवर सापडलेली पुंगळी एका बाजूला ठेवायची, आम्ही तोच कट्टा कापसाच्या पेटीत झाडून मिळवलेली दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही खुणा एकाच वेळी मायक्रोस्कोपमधून पाहायच्या. मधे एक बारीक काळी रेघ असते. अलीकडची खूण पलीकडच्या खुणेत अखंड मिसळली की जुळलं म्हणायचं. तेरा वर्षं मी हेच करत होते. ज्योत्स्ना बोरोले साक्षीला आल्या की उलटतपासणी लवकर आटोपते, असं सरकारी वकील म्हणायचे आणि मला ते ऐकायला आवडायचं.

त्या वर्षापर्यंत प्रत्येक प्रयोगशाळेची माहिती तिच्या तिच्या फायलीत पडून असे. मग वरून आदेश आला. गुन्ह्यांत सापडलेल्या बंदुकांची सगळी माहिती एका जागी आणायची, आणि ती शेजारच्या राज्यांतल्या पोलिसांना, आरोग्य खात्याला, मान्यता मिळालेल्या संशोधकांना खुली करायची. आरोपीचं नाव नाही, मयताचं नाव नाही. क्रमांक, तारीख, तालुका, शस्त्राचा प्रकार आणि खुणेचं छायाचित्र, बस. नजमा तडवी त्यासाठीच पुण्याहून आली होती. तिशीतली, बारीक अंगाची, मूळची सातपुड्याच्या पायथ्याची. गोळी लागून दवाखान्यात येणाऱ्या माणसांचा ती अभ्यास करत होती आणि त्या गोळ्या झाडणारे कट्टे मुळात येतात कुठून, हे तिला शोधायचं होतं. चार सह्यांचं परवानगीपत्र घेऊन ती आली आणि पहिल्याच दिवशी डबा उघडून मला ठेचा-भाकरी देऊन मोकळी झाली. जुन्या नोंदी संगणकात भरायच्या कामात तिची मला मोठी मदत होत होती.

पडद्यावर सहा चौकोन होते. वेगवेगळ्या प्रयोगशाळांतून आलेली छायाचित्रं शेजारी ठेवून एकसारख्या दिसणाऱ्यांचा गट करायचं काम ती यंत्रणा आपोआप करायची. ह्या गटात पहिली नोंद आमची होती, निकाल लागलेल्या एका खटल्यातली. कट्टा आणि पुंगळी दोन्ही. बाकीच्या पाच नुसत्या पुंगळ्या. तीन जिल्हे, नऊ वर्षं, पाच माणसं. ह्या पाचांतल्या एकाही खुनाचा तपास लागलेला नव्हता.

सहाही चौकोनांत चंद्राची कोर होती. कोरीच्या पोटात तीन बारीक रेघा, आणि मधली रेघ अर्ध्यात तुटलेली.

"एकच बंदूक," नजमा म्हणाली. "सहा माणसं."

मी तारखा पाहिल्या. आमचा कट्टा अकरा वर्षांपूर्वी दोन जानेवारीला आमच्याकडे दाखल झाला होता आणि नऊ फेब्रुवारीला परत गेला होता. गटातली दुसरी नोंद होती त्याच वर्षीच्या चौदा जानेवारीची. एकशे सत्तर किलोमीटरवरच्या एका सूतगिरणीचा रखवालदार, सकाळी सव्वासात वाजता, फाटक उघडताना.

ती संक्रांत माझ्या लक्षात होती. मी घरून तिळगुळाचा डबा आणला होता. उंदरांच्या भीतीनं तो त्याच कपाटात वरच्या फळीवर ठेवला होता. नियमाविरुद्ध होतं ते, पण सगळेच तसं करायचे. दहाच्या सुमारास मी साहेबांची किल्ली मागून घेतली, दोन्ही कुलुपं काढली, डबा उचलला आणि सगळ्यांना वाटला. खालच्या फळीवर तो कट्टा कापडात गुंडाळून पडलेला होता. त्याच्या पिनेनं तिकडे तीन तासांपूर्वी एक माणूस मारला होता, आणि माझी किल्ली आदल्या संध्याकाळपासून माझ्या पर्समध्ये होती.

मी नजमाला एवढंच म्हणाले, की छायाचित्रावरून काही ठरत नाही, प्रत्यक्ष पुंगळ्या पाहाव्या लागतील.

पुंगळ्या मागवायला आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत माझं काहीतरी बिनसलं. साहेबांची किल्ली मागून मी दिवसातून चार-पाच वेळा कपाट उघडून आतली पाकिटं मोजायला लागले. एकदा भर दुपारी, खोलीत मी एकटीच लिहीत असताना, कपाटातून घोडा ओढल्यासारखा खटका ऐकू आला. लोखंडी कपाट उन्हात तापलं की वाजतं, हे मला माहीत होतं. तरी मी उठून गेले आणि दाराला कान लावून उभी राहिले. शिपायानं चहा आणला तेव्हा मी तशीच उभी होते. तो कप ठेवून गेला.

पुंगळ्या आल्या. मी दार लावून घेतलं आणि एकेक करून पाचही मायक्रोस्कोपखाली आमच्या पुंगळीशेजारी ठेवल्या. पहिलीला मधली काळी रेघ दिसेनाशी झाली. कोर अखंड. दुसरीलाही. पाचवी ठेवताना माझ्या हातून चिमटा निसटला. खूण तीच होती. कुलुपात असलेला कट्टा बाहेर फिरत होता.

मग प्रश्न राहिला तो एकच. तो कट्टा आता आहे कुठे?

वरच्या कोर्टात अपील पडून असल्यामुळे मुद्देमाल नष्ट केलेला नव्हता. तो तालुक्याच्या मालखान्यात होता. लेखी हुकूम मिळवून, दोन पंच घेऊन मी तिथे गेले. मालखान्याचे हवालदार रायसिंग पावरा नावाचे होते, निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ. लांबट खोली, वरच्या एका झरोक्यातून पडणारा उजेड, आणि जमिनीपासून छतापर्यंत कुऱ्हाडी, सायकली, रक्ताचे डाग वाळून काळे पडलेले कपडे, चिठ्ठ्या लावलेली गाठोडी. आत शिरताना पावरांनी चपला बाहेर काढल्या. मीही काढल्या, का ते विचारलं नाही.

क्रमांक सांगितल्यावर ते त्या कोपऱ्याकडे गेले, पण फळीपाशी थांबले.

"तेवढं तुम्हीच काढा, मॅडम," ते म्हणाले. "त्याला मी हात लावत नाही."

मी कारण विचारलं. त्यांनी सांगितलं की आठ वर्षांत त्यांनी ते पाकीट दोनदा फळीवरून खाली पडलेलं पाहिलं. खोलीला कुलूप, किल्ली त्यांच्या करदोट्याला. उंदीर असेल, असं ते स्वतःच म्हणाले. पण उंदीर असता तर कापड कुरतडलं असतं.

पाकीट मी काढलं. लाखेची चारही सीलं शाबूत होती. त्यावर माझी सही, तेव्हाच्या माझ्या गोल अक्षरात. पंचांसमोर सील फोडून मी कापड उलगडलं. आत तोच कट्टा. सागाची मूठ, तिला तारेचे वेढे. मी घोडा मागे ओढायला गेले तर तो हलेना. पिन गंजून आपल्या भोकात बसली होती. नळीत बोटभर गंज. त्या कट्ट्यातून कित्येक वर्षांत गोळी सुटलेली नव्हती, सुटणं शक्यच नव्हतं.

कुणी चोरून नेला, वापरला, परत आणून ठेवला, असं निघालं असतं तर मला त्या क्षणी किती हायसं वाटलं असतं, हे मी कुणाला सांगू शकले नाही. पावरा दारात उभे राहून माझ्याकडे पाहत होते. मी काहीतरी वाईट बातमी घेऊन आले आहे आणि ती अजून मलाच कळलेली नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

परत आल्यावर मी नजमाला सगळं सांगितलं. मला वाटलं ती घाबरेल. तिनं खुर्ची पुढे ओढली.

"आमच्या गावात एक लोहार होता," ती म्हणाली. "त्याच्या ऐरणीला एका कडेला खोक पडली होती. त्यानं ठोकलेल्या प्रत्येक विळ्याच्या पात्यावर एकाच जागी तोच ओरखडा यायचा. विळा कुठल्याही बाजारात दिसला तरी आई ओळखायची, हा आपल्या बुधाजीचा."

ती बोलत राहिली. पिनेचं टोक जर कुणी एका ठशात, म्हणजे पोलादी साच्यात, ठोकून काढत असेल, आणि ठशालाच ती कोर असेल, तर त्या ठशातून निघणाऱ्या प्रत्येक कट्ट्याला तीच खूण येणार. म्हणजे ही एक बंदूक नाही. एका भट्टीच्या अनेक आहेत. बोलता बोलता तिचा आवाज चढत गेला, डोळे चमकायला लागले. ती जे शोधायला आली होती ते नेमकं हेच होतं. आजवर प्रत्येक जिल्हा आपापली पुंगळी घेऊन बसला होता, म्हणून कुणाला दिसलं नाही.

"पण खात्री कशी करायची?" तिनं विचारलं.

खात्री करायची रीत मला ठाऊक होती. नुसता कट्टा बाळगल्याचे जे गुन्हे असतात, त्यांत आम्ही फक्त तो चालतो की नाही तेवढं पाहायचो. खुणेचं छायाचित्र काढायची गरजच नसे. तसले अकरा कट्टे त्या आठवड्यात माझ्या कपाटात होते, आणि त्यांची तपासणी तशीही करायचीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते एकेक करून कापसाच्या पेटीत झाडायला घेतले. कानाला टोप, हातात जाड मोजे. पहिल्या सहांच्या खुणा वेडीवाकड्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या. सातवा कोराकरकरीत होता. लाकडाला अजून ताज्या भुशाचा वास, धातूवर कानशीचे ताजे ओरखडे. तो बनवून सहा महिनेही झाले नसतील.

मी पुंगळी काढली. ती गरम होती. चिमट्यानं धरून मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि शेजारी आमची जुनी पुंगळी ठेवली, अकरा वर्षांपूर्वीची.

काळी रेघ नाहीशी झाली.

नजमा माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होती. तिनं आनंदानं माझा दंड धरला. मी तिचा हात काढला आणि बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं.

तिला कळलं नव्हतं. कळणार कसं? तिच्या यादीत नावं नव्हती. पहिल्या चौकोनामागचं नाव फक्त मला ठाऊक होतं. हिलाल सपकाळे.

तो केळीच्या वखारीत घड वाहायचा. वखारीचे मालक पुंडलिक महाजन एका सकाळी आपल्या टेबलाशी गोळी लागून मेलेले सापडले. आदल्या दिवशी हिलालचं त्यांच्याशी चारचौघांत भांडण झालं होतं, आणि त्याच्या घराच्या पत्र्याखाली कट्टा सापडला. तो म्हणाला, दोन महिन्यांपूर्वी पाटाच्या कडेला मिळाला, भीतीपोटी लपवून ठेवला. कुणी विश्वास ठेवला नाही. माझाही बसला नाही. भांडण आणि कट्टा एवढ्यावर जन्मठेप झाली नसती, ती झाली माझ्या अहवालावर. पुंगळीच्या बुडावरच्या बाकी खुणा जळून पुसट झालेल्या होत्या. होती ती फक्त पिनेची कोर. पहिल्यांदा मी अहवालात 'बहुधा' लिहिलं होतं. सरकारी वकिलांनी फोन करून सांगितलं, बहुधा कोर्टात टिकत नाही. कुणी जबरदस्ती केली नाही. मी पुन्हा चार तास मायक्रोस्कोपला डोळे लावले आणि मग स्वतःच्या हातानं तो शब्द खोडून 'निश्चित' लिहिलं. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते.

साक्षीच्या दिवशी त्याच्या वकिलानं मला काही विचारलं नाही. न्यायाधीशांनी हिलालला विचारलं, तुला काही विचारायचंय का. तो उभा राहिला आणि म्हणाला, "ताईंनी मला ती खूण दाखवावी." मी छायाचित्र दिलं. त्यानं ते खिडकीकडे धरलं आणि बराच वेळ पाहिलं. अलीकडची अर्धी कोर, पलीकडची अर्धी.

"एकच आहे," तो म्हणाला आणि मला परत दिलं.

मी साहेबांकडे गेले. धनवटे साहेबांनी मला हे काम हाताला धरून शिकवलं होतं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी दोन्ही पुंगळ्या स्वतः पाहिल्या, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिल्या. मग दार लोटून घेतलं आणि हलक्या आवाजात समजावलं. ह्या नोंदींपुढे 'पुनर्तपासणी प्रलंबित' लिहायचं. त्यात खोटं काही नाही, पुनर्तपासणी करायचीच आहे. प्रलंबित नोंदी बाहेर दिल्या जात नाहीत. नजमाला बाकी सगळं मिळेल.

मी विचारलं, किती दिवस प्रलंबित?

"बोरोले, तुमच्या नावावर एकशे बारा खटले आहेत," ते म्हणाले. "त्यात खरे खुनी आहेत. उद्या त्यांतला प्रत्येक जण हीच पुंगळी घेऊन वरच्या कोर्टात उभा राहील. त्यांतला एक जरी सुटला आणि त्यानं पुन्हा कुणाला मारलं, तर ते कुणाच्या माथी?"

खरं सांगायचं तर ह्याचं उत्तर मला आजही ठाऊक नाही. ते म्हणाले, मी हुकूम करत नाही, तुम्ही विचार करा. आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

मी जागेवर येऊन बसले. पडद्यावर सहा चौकोन होते, आता सातवा भरायचा होता. नजमा समोर बसून माझ्या तोंडाकडे पाहत होती. तिला अंदाज आला असावा, कारण तिनं हळूच विचारलं की पहिल्या नोंदीतला माणूस कुठे आहे. नियमानं मी तिला सांगायला नको होतं. मी म्हणाले, "आत. अकरा वर्षं." ती उठून गेली आणि कूलरमध्ये पाणी घालत राहिली, टाकी भरून पाणी फरशीवर आलं तरी.

मी सातवी नोंद भरली. 'प्रलंबित'चा रकाना रिकामा ठेवला. सातही नोंदी पुढे धाडल्या तेव्हा दुपारचे पावणेचार झाले होते. त्यानंतर मी कागद घेतला आणि कैद्यांना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाला पत्र लिहायला बसले. पहिलं वाक्य मी सात-आठ वेळा लिहिलं. शेवटी जे राहिलं ते असं: 'अमुक खटल्यात मी शपथेवर जे निश्चित म्हणून सांगितलं, ते निश्चित नव्हतं.'

पुढचं थोडक्यात सांगते. माझी साक्ष देण्याची मान्यता काढून घेतली आणि मला अभिलेख विभागात बसवलं. एकशे बारापैकी माझ्या अहवालात केवळ पिनेचीच खूण होती असे खटले नऊ निघाले. सात दुसऱ्या पुराव्यावर टिकले. एकात शिक्षा झालेला माणूस आधीच वारला होता. त्याच्या घरच्यांना पत्र गेलं, उत्तर आलं नाही. नोंदी खुल्या झाल्यावर शेजारच्या राज्यातल्या पोलिसांनी त्या आपल्या नोंदींशी लावून पाहिल्या, त्यांच्याकडे आणखी चौदा पुंगळ्या निघाल्या. दुसऱ्या वर्षी डोंगरापलीकडच्या एका वस्तीवर ती भट्टी सापडली. नजमानं मला ठशाचं छायाचित्र पाठवलं. अंगठ्याएवढं पोलाद, आत चंद्राची कोर. मी ते पाहिलं आणि लगेच फोनमधून काढून टाकलं. धनवटे साहेब निवृत्तीपर्यंत माझ्याशी कामापुरतं बोलले.

हिलालच्या अपिलाचा निकाल लागायला एक वर्ष आणि चार महिने गेले. खुनातून तो निर्दोष सुटला. कट्टा बाळगल्याची शिक्षा त्यानं कधीच भोगून संपवली होती.

सुटल्यावर साताठ महिन्यांनी तो माझ्याकडे आला. सकाळी अकराची वेळ होती. अभिलेख विभागात मी एकटीच होते. शिपाई म्हणाला, कुणी सपकाळे भेटायला आलेत. मी उभी राहिले. मला वाटलं होतं तो संतापेल, शिव्या देईल. त्याची मी किती वेळा मनाशी तयारी केली होती. तो आला, खुर्चीच्या कडेवर टेकला. केस पांढरे झाले होते. पाणी दिलं ते प्यायला. मी माफी मागितली. त्यानं ती ऐकून घेतली आणि हातानं बाजूला सारल्यासारखं केलं.

"ताई, एक विचारायला आलोय," तो म्हणाला. "महाजन शेठना कोणी मारलं ते कळलं?"

मी नाही म्हणाले. ती बंदूक सापडलेली नव्हती.

त्यानं मान खाली घातली. मग तो बोलायला लागला, सावकाश, थांबत थांबत. आत गेल्यावर पहिली दोन वर्षं तो सगळ्यांना सांगायचा की मी नाही मारलं. पण खूण त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. दोन्ही सारख्या होत्या. सरकारचं यंत्र होतं, शिकलेली बाई होती, ती कशाला खोटं बोलेल? मग तो विचार करायला लागला की मारलं असेल का मी? त्या दिवशी तो प्यायलेला होता. आणि मग एक दिवस त्याला आठवायला लागलं. आधी कट्ट्याचं वजन. मग वखारीतला पिकत्या केळ्यांचा वास. मग पुढचं.

"सगळं दिसतं मला," तो म्हणाला. "मी दारातून आत जातो. शेठ खुर्चीतून माझ्याकडे वळतात. माझ्या तोंडाकडे बघतात. आणि मी दाबतो. आता कोर्ट म्हणतं तू नाही मारलं. पण मला ते आठवतंच आहे, ताई. रोज आठवतं. ते मी कुठं नेऊन टाकू?"

मी उठले. रॅकवरून त्या खटल्याची फाईल काढली. अभिलेख विभागात आल्यापासून मी ती इतक्यांदा वाचली होती की पानं आपसूक उघडत. शवविच्छेदनाचा अहवाल इंग्रजीत होता. खटल्यात तो त्याला कुणी समजावून सांगितलेला नव्हता. मी त्याच्या शेजारची खुर्ची घेतली, बोट ओळीवर ठेवलं आणि मराठीत सांगायला लागले. गोळी पाठीतून शिरली, डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली, चार बोटं. मग पंचनामा काढला, तो मराठीतच होता. मयत खुर्चीत बसलेला, तोंड भिंतीकडे, टेबलावर पुढे झुकलेला, उजव्या हातात पेन.

तो ऐकत होता. दोन्ही हात गुडघ्यांवर होते.

"म्हणजे ते वळले नाहीत?"

"नाही."

"माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी?"

"कुणाकडेच नाही. त्यांची पाठ होती. ज्यानं मारलं त्याला त्यांचं तोंड दिसलेलंच नाही."

बाहेर कुणीतरी सायकल स्टँडला लावली. हिलालनं फाईलवर बोट ठेवलं, जिथे माझं होतं त्याच्या शेजारी. त्याला वाचता येत होतं, पण अक्षर गिचमिड होतं.

"परत वाचा," तो म्हणाला.

मी परत वाचलं. मग त्यानं सांगितलं म्हणून आणखी एकदा वाचलं. तोंड भिंतीकडे, ह्या शब्दांपाशी मी आले तेव्हा माझ्याबरोबर त्याचे ओठ हलत होते.